पाठपुरावा

आईच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाचा केक कापायचा राहिला तो राहिलाच. जेवणं अर्ध्यावर असतानाच दादाच्या जावयाने बॅगेतून एक पारदर्शक फाइल काढली आणि ती आत्याच्या ताटाशेजारी ठेवली. आत दोनच कागद होते. दुसऱ्याच्या तळाशी सहीसाठी जागा सोडलेली होती आणि तिथे पेन्सिलीने बारीकशी फुली मारलेली होती, सही करणाऱ्याची जागा चुकू नये म्हणून.

“सावकाश वाच,” तिचा थोरला भाऊ, दादा, म्हणाला. “घाई नाही.”

घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला चौकशी समितीपुढे आत्याची साक्ष होती आणि टेबलाभोवती बसलेल्या सहाही जणांना ते ठाऊक होतं. दादाने जेवायला बोलावलं तेव्हाच आत्याला कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं होतं. एरवी आईचा वाढदिवस आत्याच्याच दोन खोल्यांच्या घरात व्हायचा आणि दादा संध्याकाळी दहा मिनिटं उभ्या उभ्या येऊन जायचा. यंदा त्याने गाडी पाठवली होती.

उजवा हात खरकटा, म्हणून आत्याने डाव्या हाताने कागद बाहेर ओढले आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला. घरात तिला सगळे बेबी म्हणायचे. त्रेसष्ट वर्षांची बेबी. महापालिकेच्या पावसाळी गटार विभागात तिने बत्तीस वर्षं काढली होती. तिथले मुकादम तिला तोंडावर मॅडम आणि पाठीमागे गटारबाई म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. शहराच्या पोटातून कुठलं पाणी कुठे जातं हे नकाशा न बघता सांगणारं माणूस खात्यात दुसरं नव्हतं.

दादाचं तसं नव्हतं. त्याला सगळं जग सर म्हणायचं. नगररचनेतलं त्याचं नाव इतकं मोठं होतं, की शहरं कशी असावीत यावर दूरदूरच्या सभांमध्ये तो बोलायचा आणि लोक लिहून घ्यायचे. त्याच्या संस्थेत चाळीस माणसं होती.

“मोठ्याने वाच की,” आई म्हणाली. “मला चष्म्याशिवाय दिसत नाही.”

आत्याने वाचलं. “‘माझ्या कार्यकाळात सदर भुयारी मार्गालगतच्या नाल्याची साफसफाई व देखभाल अपुरी राहिली, तसेच पंपचालकावर योग्य ती देखरेख ठेवण्यात आली नाही, हे मी स्वखुशीने नमूद करते.’” ती थांबली. “स्वखुशीने?”

“ती नुसती कायद्याची भाषा असते, आत्या,” जावई म्हणाला. तो ठकूचा नवरा. ठकू म्हणजे दादाची एकुलती एक लेक. जावई वकील होता आणि त्याचा आवाज नेहमी आजाऱ्याच्या खोलीत बोलल्यासारखा असायचा. “तुम्हाला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. इतक्या वर्षांनी खातं तुम्हाला काही करू शकत नाही. पेन्शनला धक्का नाही. मी सगळं तपासलंय. तुमचं काहीच जाणार नाही.”

“आणि पंपवाल्याचं?”

वहिनीने भाताचं भांडं उगाच इकडून तिकडे सरकवलं.

सव्वा महिन्यापूर्वी एका दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला होता आणि रेल्वेखालचा भुयारी मार्ग अठरा मिनिटांत छतापर्यंत भरला होता. एक टॅक्सी आत अडकली. टॅक्सीतली तिघं आणि त्यांना काढायला गळ्याएवढ्या पाण्यात उतरलेला वाहतूक पोलीस, अशी चार माणसं गेली. त्याच संध्याकाळी पंपवाल्याला निलंबित केलं. पंप बंद होता, असं सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं. पंपवाला आत्याच्या हाताखाली एकोणीस वर्षं होता. तिसऱ्या दिवशी तो तिच्या दारात येऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला. “मॅडम, पंप चालू होता हो. मी हात लावून बघत होतो. गरम होता. पाणी कमीच होईना.”

आत्याला ते लगेच पटलं होतं, कारण असंच होणार हे तिने चौदा वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं. भुयारी मार्गातलं पाणी उपसून पंप ते शेजारच्या नाल्यात टाकणार होता. पण पाइपाचं तोंड होतं नाल्याच्या पुराच्या पातळीपेक्षा दीड मीटर खाली. नाला फुगला की तेच पाणी पाइपातून उलटं आत येणार. पाइपाचं तोंड नाल्यावरच्या पुलाच्या पलीकडे, प्रवाहाच्या दिशेने तीनशे मीटर खाली न्यावं आणि त्याला पाणी परत येऊ न देणारी झडप बसवावी, असं पत्र तिने मार्गाचा आराखडा करणाऱ्या दादाच्या समितीला दिलं होतं. पत्रात एक वाक्य तिने खात्याच्या भाषेत न लिहिता साधंच लिहिलं होतं: पंप चालेल, पण पाणी नुसतं फिरत राहील.

पुलाच्या पलीकडे तेव्हा दादाचं नाल्याकाठचं उद्यान होणार होतं. दगडी पायऱ्या, झाडं, बसायला कट्टे. मधोमध गटाराचा पाइप त्याला नको होता. पत्राच्या समासात त्याने आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: पाहिलं. उद्यानाचा विचार करता सध्या नको. खाली सही. पुढे त्या उद्यानाला तीन बक्षिसं मिळाली. दादाच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याच पायऱ्यांचा फोटो होता.

महापालिकेच्या फाइलीतून ते पत्र कधीच गायब झालं होतं. आत्याकडे मात्र समासातल्या अक्षरासकट त्याची प्रत होती, आणि दादाला ते ठाऊक होतं.

“मी हात धुऊन येते,” आत्या म्हणाली.

स्वयंपाकघरात नळाखाली हात धरून ती उभी राहिली. मागोमाग ठकू आली. तिने दार पायाने लोटलं आणि फ्रिज उघडून काहीतरी शोधत असल्यासारखं केलं. ठकू चौतीस वर्षांची, बापासारखीच नगररचनाकार, बापाच्याच संस्थेत. पण लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती आत्याच्या मागे मागे मॅनहोलवरून हिंडली होती. झाकण उघडलं की कुठला वास कशाचा, हे आत्यानेच तिला शिकवलं होतं.

“आत्या, सही करू नकोस,” ठकू फ्रिजच्या दाराआडून कुजबुजली.

“हे बाहेर बोल ना मग.”

“बोलेन.”

“नक्की?”

“बोलेन म्हटलं ना.” ठकूने फ्रिज बंद केला. हातात लोणी होतं. तिने ते पुन्हा आत ठेवलं.

दोघी परत टेबलाशी आल्या तेव्हा दादाने खुर्ची मागे सरकवून घेतली होती. महिन्याभरात तो वाळला होता. डोळ्यांखाली काळं पडलं होतं आणि शर्टाची कॉलर मानेभोवती सैल दिसत होती. आत्याला एकदम माया आली आणि त्या मायेचाच राग आला.

“बेबी, ऐक,” तो म्हणाला. “मी काही पळपुटा माणूस नाही. त्या चौघांची नावं मला पाठ आहेत. पण विचार कर. पुराच्या काठावरच्या साडेतीन हजार घरांना उंचावर जागा मिळवून दिली कोणी? शहराच्या दारातला कचऱ्याचा डोंगर हलवला कोणी? आता शहर आयोगाचं अध्यक्षपद येतंय. बत्तीस शहरं माझ्या हाताखाली येतील. असा मार्ग पुन्हा कुठे बांधला जाऊ नये, हे बघायला मी तिथे असायला हवं की नको?”

तो खोटं बोलत नव्हता. हेच त्याचं अवघड होतं. ती घरं त्याने खरंच मिळवून दिली होती. मंत्र्याच्या केबिनबाहेर तो चार चार तास बसला होता.

“मग उद्या तू जा तिथे,” आत्या म्हणाली. “जा आणि सांग, त्या पाइपाच्या बाबतीत माझं चुकलं. आणि मग सांभाळ बत्तीस शहरं.”

“तसं म्हटलं की शहरं राहत नाहीत. तू इतकी वर्षं नोकरी करून इतकं साधं कळत नाही तुला?”

“मला एवढं कळतं, की पंप चालू होता.”

“ती खोटी सही कशाला करेल?” हे वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. वहिनीचं आणि आत्याचं चाळीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी वहिनीने आत्याच्या चिखलाच्या बुटांसाठी दाराबाहेर वेगळं पायपुसणं टाकलं होतं. ते अजून तिथेच होतं, म्हणजे नवं, पण तिथेच.

“काय बघताय?” वहिनी म्हणाली. “त्या उद्यानापायी तुम्ही माझी पाच वर्षं खाल्लीत. घरात असून नसल्यासारखे. बक्षीस घ्यायला तेवढी मी साडी नेसून शेजारी उभी. तेव्हा बेबीताई कोणाला आठवल्या होत्या? आणि आता निस्तरायला त्या हव्यात होय? का म्हणून?”

दादाचं तोंड उघडं राहिलं. आत्याला हसू यायला लागलं होतं. इतक्या वर्षांनी वहिनी आपल्या बाजूने, तेही अशा दिवशी. तिने ठकूकडे पाहिलं. आता ठकू बोलली की झालं. दोघी आणि ती, तिघी झाल्या असत्या.

ठकू ताटातल्या भातावर चमच्याने रेघा ओढत होती.

“सासूबाई,” जावई त्याच मऊ आवाजात म्हणाला, “एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची राहिली. ते पत्र पुढे आलं, की त्याच्याबरोबरचा नकाशाही पुढे येणार. ज्या नकाशावर पाइपाचं तोंड खाली दाखवलंय, तो. त्यावर दोन सह्या आहेत. मंजूर करणारे म्हणून सरांची.” त्याने ठकूकडे पाहिलं. “आणि रेखाटन करणारी म्हणून हिची.”

आत्याला हे माहीत नव्हतं. तिने हिशेब केला. चौदा वर्षांपूर्वी ठकू वीस वर्षांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाच्या संस्थेत रेघा मारायला बसायची.

“ठकू?” वहिनी म्हणाली.

“बाबांनी सांगितलं तसं काढलं मी,” ठकू मान वर न करता म्हणाली. “मी आकडा विचारला होता. ते म्हणाले, हाच.”

वहिनीने हातातला रुमाल घडी घालून टेबलावर ठेवला. मग त्याची आणखी एक घडी घातली. तिचा चेहरा बदलला हे आत्याला दिसलं; तिचा पाठिंबा उणापुरा एक मिनिट टिकला होता.

“बेबीताई,” वहिनी म्हणाली, “तुम्हाला मूलबाळ नाही. मी टोचून बोलत नाहीये. पण तुम्हाला नाही कळणार.”

“मी वाढवलंय तिला निम्मं.”

“मग करा सही,” वहिनी म्हणाली.

आत्या ठकूकडे वळली. “तू काय म्हणतेस? आत्ता आत जे म्हणालीस ते म्हण.”

ठकूने चमचा खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते. जावयाने तिच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला आणि ती ते सगळं पाणी एका दमात प्यायली.

आता उरली आई. बारा वर्षं ती आत्याकडे राहत होती. तिची औषधं, तिचं चालणं, तिच्या न लागणाऱ्या झोपा, सगळं आत्याने केलं होतं. आईने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि ती कापल्याविना राहिलेल्या केककडे बघत होती.

“बेबी,” आई म्हणाली, “त्याचं नाव आहे. तुझे अण्णा सबंध जन्म सर्व्हे खात्यात काठी धरून उभे राहिले. उन्हातान्हात. दुर्बिणीतून बघणारा साहेब दुसराच. त्यांना एकच वाटायचं, या घरातलं कोणीतरी दुर्बिणीच्या त्या बाजूला जावं. दादा गेला.”

“आणि मी, आई?”

“तुझं काय जाणार आहे?” आई म्हणाली. तिने ते दुष्टपणाने म्हटलं नाही. खरंच तिला उत्तर हवं होतं, अशा आवाजात विचारलं. “तुझं नाव कोणाला माहीत आहे?”

आत्याने कागद पुन्हा फाइलीत घातले, फाइल जावयाच्या पुढ्यात ठेवली आणि ती उठली. “चल आई, निघू या. ऊन उतरायच्या आत तुझ्या गोळ्या घ्यायच्यात.”

“मी आज इथेच राहते,” आई म्हणाली.

दादाने देऊ केलेली गाडी आत्याने घेतली नाही. ती बसने घरी आली आणि कपाटातून पत्र काढून त्याच्या तीन प्रती काढून आणायला पुन्हा बाहेर पडली.

समितीची खोली साधीच होती. लांब टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचे जग. मधे निवृत्त न्यायाधीश, दोन्ही बाजूंना दोन तज्ज्ञ. डावीकडच्या तज्ज्ञाला आत्याने ओळखलं. दादाचा विद्यार्थी होता तो. एकेकाळी दादाकडे जेवायलाही असायचा.

आधी दादाची साक्ष झाली. आत्या मागच्या बाकावर बसून ऐकत होती. तो आरडाओरडा करेल, पत्र खोटं म्हणेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. तसं काहीच झालं नाही. पत्राची प्रत त्याच्यासमोर ठेवली तेव्हा त्याने चष्मा लावून ते नीट वाचलं आणि मान हलवली.

“अक्षर माझंच आहे,” तो म्हणाला. “माझी बहीण महापालिकेतली सर्वांत प्रामाणिक अधिकारी होती, हे मी भाऊ म्हणून नाही, या व्यवसायातला माणूस म्हणून सांगतो. त्या काळात माझ्याकडे आठवड्याला दोन-अडीचशे पत्रं यायची. ‘सध्या नको’ याचा अर्थ ‘कधीच नको’ असा नव्हता. पुढे तिने पुन्हा एकदा आठवण करून दिली असती, तर आज आपण इथे बसलो नसतो. याचं दुःख मला जन्मभर राहील.”

न्यायाधीशांनी त्याला पाणी देवविलं. आत्या बाकाचा काठ धरून बसली होती. तिच्या लक्षात आलं, की त्याने तिचा एक शब्दही खोटा पाडला नव्हता आणि तिच्या पायाखालची जमीन मात्र काढून घेतली होती.

मग तिला बोलावलं. तिने पातळ्या सांगितल्या, पाइपाचं तोंड सांगितलं, पंप का हरला ते टेबलावरचा जग आणि ग्लास घेऊन दाखवलं. न्यायाधीश पुढे वाकून बघत होते. त्यांना समजलं, हे तिला दिसलं. मग डावीकडचा तज्ज्ञ बोलला.

“मॅडम, हे पत्र दिल्यानंतर तुम्ही स्मरणपत्रं किती पाठवलीत?”

“एक.”

“चौदा वर्षांत एक?”

“हो. सहा महिन्यांनी. त्याला उत्तर आलं नाही.”

“मार्गाचं उद्घाटन झालं तेव्हा तुम्ही हजर होता?”

आत्या हजर होती. दादाने स्वतः फोन करून बोलावलं होतं. तिसऱ्या रांगेत, आईच्या शेजारी. तिने टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या.

“होते.”

“तेव्हा तुम्हाला धोका माहीत होता?”

“होता.”

“मग तुम्ही पाठपुरावा का केला नाहीत?”

आत्याकडे उत्तरं होती. वरिष्ठांनी विषय बंद केला होता. दुसऱ्या वॉर्डाचं काम अंगावर आलं होतं. त्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दादा रोज सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात येऊन बसत होता, आईला चमच्याने भरवत होता. त्या माणसाच्या हातात पुन्हा तेच पत्र कसं द्यायचं, असं तिला वाटलं होतं. हे शेवटचं उत्तर खरं होतं. तेच सांगण्यासारखं नव्हतं.

“तो माझा भाऊ आहे,” ती म्हणाली.

लिहून घेणाऱ्याने मान वर करून न्यायाधीशांकडे पाहिलं, हे लिहायचं का म्हणून. न्यायाधीशांनी पान उलटलं. त्याने लिहिलं.

ती घरी पोचली तर दारात वहिनी उभी होती. हातात रिकामी सूटकेस आणि आईच्या थरथरत्या अक्षरातली यादी. आईचे कपडे, गोळ्यांचा डबा, चालायची काठी, निळी शाल, अण्णांचा फोटो. दोघींनी मिळून सामान भरलं. वहिनीने घड्या नीट घातल्या. भिंतीवरचा फोटो काढायला आत्या स्टुलावर चढली तेव्हा वहिनीने तिची कंबर धरली.

“मी म्हटलं होतं त्यांना, फोटो तरी राहू दे इथे,” वहिनी म्हणाली.

“असू दे. न्या.”

“बेबीताई, मी काल जे म्हणाले…”

“पहिलं की दुसरं?”

वहिनीने सूटकेसची चेन ओढली. जिना उतरताना सूटकेस प्रत्येक पायरीवर आपटत गेली.

अहवाल तीन महिन्यांनी आला. आत्याने तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. पंप घटनेच्या वेळी चालू होता, हे सिद्ध झालं होतं. पंपवाल्याला कामावर परत घ्यावं अशी शिफारस होती. मार्गाच्या आराखड्यातली त्रुटी “तत्कालीन ज्ञानाच्या मर्यादेत” झालेली होती. तत्कालीन ज्ञान म्हणजे तिचं पत्र त्याच अहवालाच्या शेवटी, परिशिष्टात, पान एकशे बारावर जोडलेलं होतं. आणि पान एक्क्याऐंशीवर लिहिलं होतं: संबंधित महिला अधिकाऱ्यास धोक्याची पूर्ण कल्पना असूनही त्यांनी पाठपुरावा केला नाही, ही बाब गंभीर आहे.

अख्ख्या अहवालात ठपका ठेवलेलं माणूस ते एकच होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तिचं नाव पहिल्यांदा छापून आलं. दादाची आयोगावर नेमणूक झाल्याची बातमी त्यानंतर नऊ दिवसांनी आली, फोटोसकट. फोटोत आई त्याच्या शेजारी होती, निळ्या शालीत.

पंपवाला कामावर रुजू झाला त्या सकाळी येऊन गेला. तो आत आलाच नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, “मॅडम, तुम्ही माझ्यापायी…” आत्याने त्याला विचारलं, की चेंबरमधला गाळ काढला का. तो म्हणाला, काढला. मग तो गेला.

ठकू आली ती आणखी दीड महिन्याने, सकाळी दहाच्या सुमारास. खांद्यावर नकाशाची नळी. ती पायपुसण्यावर बराच वेळ पाय पुसत राहिली.

“आजी कशी आहे?” आत्याने विचारलं.

“बरी आहे. तुझं नाव काढते.”

“काय म्हणून?”

ठकूने विषय बदलला. तिने नकाशा टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर कप, चष्म्याचं घर, घड्याळ आणि आत्याच्या गोळ्यांची बाटली ठेवली. रेल्वेखालच्या त्याच भुयारी मार्गाचा नकाशा होता. दुरुस्तीचं काम महापालिकेने दादाच्या संस्थेलाच दिलं होतं. पाइपाचं तोंड पुलाच्या पलीकडे तीनशे मीटर खाली नेलेलं होतं. झडप होती. उद्यानाच्या पायऱ्यांखालून पाइप नेण्याची सुरेख युक्ती ठकूने काढली होती. वर मोठ्या अक्षरात नाव होतं: हवामानसुसंगत निचरा प्रकल्प.

आत्या बराच वेळ बघत राहिली. तिचंच पत्र, रंग भरलेलं.

“चांगलं काढलंयस,” ती म्हणाली. ते खरं होतं. “आता काय हवंय?”

“पातळ्या. महापालिकेच्या नोंदी जुळत नाहीत. पुलाशी एक आकडा, मार्गाशी दुसराच. सगळं त्यावर अवलंबून आहे, आत्या. तुझ्याइतकं कोणालाच…” ठकू थांबली. “बाबांना माहीत नाही मी इथे आलेय ते.”

“पुलाचा आकडा चुकीचा आहे. पूल दुरुस्त केला तेव्हा पातळीच्या खुणेचा दगड हलवला होता आणि कोणी नोंद केली नाही. बावीस सेंटिमीटर वजा कर.” आत्याने लाल पेन्सिल घेतली आणि नकाशावर पाच ठिकाणी आकडे दुरुस्त केले. झडपेपाशी तिने एक गोल केला. “ही दर पावसाळ्याआधी उघडून तेल घालायची. नाहीतर गंजून उघडीच राहील, आणि मग असली काय नि नसली काय.”

ठकू लिहून घेत होती. लिहिता लिहिता म्हणाली, “आत्या, एक सांगायचं होतं. प्रकल्पाच्या कागदांवर तुझं नाव घालता येणार नाही. त्या अहवालानंतर… महापालिका मान्य करणार नाही. मी विचारून बघितलं.”

“विचारलंस?”

“नाही,” ठकू म्हणाली. तिने हातानेच डोळे पुसले. “नाही विचारलं.”

आत्याला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि तिने घेतलं नाही. ती उठली. आतून रेघांचे दोन कागद, कार्बन आणि पेन घेऊन आली. नकाशा थोडा बाजूला सारून तिने लिहायला सुरुवात केली. ठकू उलट्या बाजूने वाचत होती. वर तारीख होती, खाली विषय होता, भुयारी मार्गाच्या झडपेची देखभाल, आणि उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं: स्मरणपत्र क्रमांक एक.

“अजून झडप बसलीसुद्धा नाही, आत्या.”

“म्हणून तर एक. दर महिन्याला एक येईल. तुझ्या नावाने, संस्थेच्या पत्त्यावर. मी आहे तोवर.” आत्याने वरचा कागद तिला दिला आणि खालची प्रत, पेनासकट, तिच्यापुढे सरकवली.

“इथे लिही, ‘मिळालं’. सही कर. आणि तारीख घाल.”

ठकूने आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे राग नव्हता, मायाही नव्हती. पावतीची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा होता. तिने सही केली.

“तारीख,” आत्या म्हणाली.